वाफेवरची बोट, वाट्यावरची माणसं

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, हंबर नदीच्या रुंद खाडीवर हल हे बंदर आहे. २० जानेवारी १९६८ रोजी तिथल्या सेंट अँड्र्यूज गोदीतून ‘रॉस क्लीव्हलंड’ ही वाफेवर चालणारी ट्रॉलर बोट कॉड मासा धरायला आइसलंडकडे निघाली. तांडेल धरून वीस माणसं होती. निरोप द्यायला धक्क्यावर बायका नव्हत्या, कारण हलमध्ये ती रीतच नव्हती. नवरा समुद्रावर निघेल त्या दिवशी बायकोने कपडे धुवायचे नाहीत, नाहीतर तोही धुऊन जायचा. हात हलवायचा नाही, नाहीतर लाट त्याला घेऊन जायची. दर्यावर पोट असलेल्यांचे असे नियम कुठल्याही किनाऱ्यावर सापडतील, त्यात हलचं काही विशेष नाही. विशेष हे, की पुढच्या पंधरा दिवसांत याच बायका गोदीत घुसल्या, आणि त्या का घुसल्या हे समजायला आधी ही बोट आणि तिच्यावरचं काम समजून घ्यावं लागतं.

बोट १९४९ सालची. आधीचं नाव ‘केप क्लीव्हलंड’. पुढे रॉस समूहाच्या ताब्यात गेल्यावर ती ‘रॉस क्लीव्हलंड’ झाली. महायुद्धानंतर इंग्लंडला अन्न हवं होतं, आणि हलच्या मालकांनी वाफेच्या ट्रॉलरांचा एक शेवटचा मोठा ताफा बांधून घेतला, त्यातलीच ही एक. यातल्या बऱ्याच बोटींच्या बॉयलरखाली आता कोळशाऐवजी तेल जळत होतं, पण वरचं यंत्र जुन्याच धाटणीचं होतं: तीन सिलिंडर, एकच वाफ. पहिल्यात ती जोरात घुसते, तिथून सुटली की दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, आणि उरलासुरला दम काढून घेतल्यावर थंड होऊन पाणी बनते. जाळं ओढण्याचं रहाटही वाफेवरच. या यंत्राला घाई ठाऊक नव्हती, पण टनावारी वजनाचं जाळं समुद्राच्या तळावरून तासन्‌तास सारख्या जोराने ओढायला अशी संथ ताकदच लागते. तोटा इतकाच, की बॉयलर आणि इंधन बोटीच्या पोटातली बरीच जागा खाऊन टाकत, आणि ती जागा माशांची होती.

वाफेचा ट्रॉलर जन्मला तोही हलमध्येच. १८८१ साली तिथल्या अर्ल्स कारखान्यात शेजारच्या ग्रिम्सबी बंदरासाठी ‘झोडियाक’ बांधला गेला. त्याआधी शिडाची गलबतं जाळं ओढत, वारा पडला की तीही थांबत. वाफेने वाऱ्याची मिनतवारी संपवली आणि माणसाची सुट्टीही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जाळ्याचं तोंड उघडं धरायला लाकडी दांड्याऐवजी दोन जड फळ्या आल्या. बोट पुढे चालली की पाण्याच्या दाबाने त्या एकमेकींपासून दूर फाकतात आणि जाळ्याचा जबडा आ वासतो. आज ससून डॉकला किंवा मिरकरवाड्याला उभ्या असलेल्या ट्रॉलरांच्या मागे लटकणाऱ्या फळ्या पाहा, त्यांचं कूळ हेच. मुंबई सरकारनेही १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ नावाचा वाफेचा ट्रॉलर आणून आपल्या किनाऱ्यासमोर तळ खरवडून पाहिला होता. तो प्रयोग परवडला नाही आणि गुंडाळला गेला. आपल्याकडे ट्रॉलिंग फोफावलं ते स्वातंत्र्यानंतर, डिझेलच्या लहान बोटींवर, आणि त्याची भांडणं आपण अजून निस्तरतो आहोत. तो वेगळ्या लेखाचा विषय.

हलच्या इतिहासात या बोटींवर तोफाही चालल्या आहेत. १९०४ च्या ऑक्टोबरात जपानशी लढायला निघालेल्या रशियन आरमाराने रात्रीच्या वेळी डॉगर बँकेवर मासे धरणाऱ्या हलच्या ट्रॉलरांना जपानी टॉर्पेडो बोटी समजून त्यांच्यावर गोळे टाकले आणि ‘क्रेन’ नावाचा ट्रॉलर बुडवला. उत्तर समुद्रात जपानी! ज्यांचा कुणाच्याही युद्धाशी संबंध नव्हता अशा माणसांचा पुतळा पुढे हेसल रोडवर उभा राहिला. हेसल रोड म्हणजे हलचा कोळीवाडा: गोदीला समांतर जाणारा लांबच लांब रस्ता आणि त्याला फुटलेल्या गल्ल्या. इथली पोरं वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी शिकाऊ खलाशी म्हणून बोटीवर चढत, आणि पोरी मासळी साफ करण्याच्या कारखान्यात जात.

एक फेरी साधारण एकवीस दिवसांची. चार-पाच दिवस जायचे, तेवढेच यायचे, मधले दहा-बारा दिवस मासेमारी. जाळं बोटीच्या कुशीवरून सोडायचं आणि कुशीवरूनच ओढून घ्यायचं. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात जाळं वर घेताना बोट वाऱ्याला आडवी उभी करावी लागते, मधला डेक पाण्यापासून जेमतेम वर असतो, आणि प्रत्येक मोठी लाट त्या डेकवरून पलीकडे जाते. तिथेच माणसं उभी. जाळ्याची शेवटची पिशवी डेकवर टांगली की बोटीवरचा मेट, म्हणजे तांडेलाखालचा पहिला माणूस, तिच्याखाली वाकून एक गाठ सोडतो, आणि दोन-तीन टन जिवंत कॉड पायाशी कोसळतो. मग सुऱ्या निघतात. मासा गळ्याखाली चिरायचा, आतडी समुद्रात, कलेजं टोपलीत, मासा धुऊन खाली बर्फात. तो ढीग संपेपर्यंत पुढचं जाळं वर आलेलं असतं. मासळी लागली की अठरा तास काम आणि सहा तास विश्रांती, आणि त्या सहा तासांत जेवणही आलं. काही वर्षांपूर्वी अशीच माणसं फाटलेलं जाळं उघड्या डेकवर उणे तापमानात बोटांनी शिवत बसलेली एका जुन्या चित्रफितीत पाहिली. बोलत कुणीच नव्हतं. सुई मात्र सपासप चालली होती.

टोपलीतल्या कलेजांचं काय होई हे मराठी वाचकाला सांगायला हवं. बोटीच्या मागच्या बाजूला एक खोपटं असे, तिथे वाफेवर ती कलेजं उकळून तेल काढत. वाफेची बोट असल्याचा हा एक फायदा. १९३० च्या दशकात हलच्या ट्रॉलरमालकांनी एकत्र येऊन हे तेल शुद्ध करून विकायला सुरुवात केली, आणि त्याचं नाव ठेवलं ‘सेव्हन सीज’. आपल्या घरांतून नाक दाबून पोरांच्या तोंडात घातलेलं, नंतर पिवळ्या गोळ्यांत बंद झालेलं कॉड लिव्हर ऑइल ते हेच. खलाशांना या कलेजांचे वेगळे पैसे मिळत.

बाकीच्या पैशाची गोष्ट मात्र नीट पाहावी अशी आहे. खलाशाला थोडा ठरलेला पगार आणि त्यावर विक्रीतला वाटा. तांडेल आणि मेट यांना नुसता वाटा. बाजार पडला की फेरी तोट्यात, आणि दोन-तीन फेऱ्या तोट्यात गेल्या की तांडेलाच्या हातची बोट दुसऱ्याकडे. म्हणून हवा बिघडली तरी ‘अजून एक जाळं’ टाकायचा मोह सुटत नसे, आणि मासा कुठे लागला हे दुसऱ्याला कळू नये म्हणून रेडिओवर गप्प राहायचीही सवय होती. फेरी संपली की हिशेब. मध्ये तीन दिवस घरी. त्या तीन दिवसांत खिशात पैसा खुळखुळे, म्हणून गावात त्यांना ‘तीन दिवसांचे लखपती’ म्हणत.

आणि करार? एका फेरीपुरता. बोट धक्क्याला लागली की तो सुटला. कायद्याच्या नजरेत हा माणूस हंगामी, उद्या त्याला कुणी बोलावलं नाही तरी तक्रार नाही. पण एकदा सही केली आणि बोट सुटताना तो हजर नसला, तर मात्र त्याच्यावर खटला भरता येई, १८९४ च्या जहाज कायद्याखाली. जाताना बांधलेला, येताना मोकळा. माझ्या मते रॉस क्लीव्हलंडची गोष्ट या एका ओळीत आहे. वादळ हे त्यातलं फक्त शेवटचं कारण.

कारण वादळाबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं असं नाही. २६ जानेवारी १९५५ ला आइसलंडच्या उत्तरेला हलचे ‘लोरेला’ आणि ‘रॉडेरिगो’ हे दोन ट्रॉलर काही तासांच्या अंतराने उलटले, चाळीस माणसं गेली. संकटात असलेल्या तिसऱ्या बोटीच्या मदतीला ते निघाले होते. ती बोट नंतर आपली आपण सुटली, आणि हे दोघे वादळाकडे तोंड करून अडकून पडले. मारलं ते बर्फाने. हवा फार थंड असली की उडालेला प्रत्येक तुषार जिथे लागेल तिथे गोठतो: दोरांवर, कठड्यांवर, डोलकाठीवर, रडारच्या पात्यावर. बोटाएवढा दोर मांडीएवढा होतो. उभ्या बांबूच्या टोकाला ओझं बांधावं तसं बोटीचं वजन वर चढत जातं, आणि मग एका कलण्यानंतर ती सरळ होत नाही. उपाय एकच, कुऱ्हाडी आणि लोखंडी पाने घेऊन बर्फ फोडत राहणं. हे सगळं चौकशीत आलं, प्रयोगशाळेत बोटीची प्रतिकृती करून तपासलंही गेलं. तरी तेरा वर्षांनी, १९६८ च्या जानेवारीत, त्याच समुद्रात त्याच बांधणीच्या बोटी त्याच तऱ्हेने जात होत्या.

त्या महिन्यात आधी ‘सेंट रोमॅनस’ गेला. १० जानेवारीला तो हलहून निघाला तो रेडिओ ऑपरेटर न घेताच. त्याच दिवशी संध्याकाळी घरच्यांशी झालेलं बोलणं हेच शेवटचं. मालकांनी अधिकृतपणे शोध सुरू करायला लावला तो २६ जानेवारीला. मधले सोळा दिवस एक अख्खी बोट, वीस माणसांसकट, नाही हे किनाऱ्यावर कुणाच्या लक्षात येण्याची सोयच नव्हती. तांडेल गप्प असणं ही नेहमीची गोष्ट होती ना! त्याच २६ तारखेला ‘किंग्स्टन पेरिडॉट’ने बर्फ चढत असल्याचं कळवलं. तोही १० तारखेलाच निघालेला, त्यावरही वीसच माणसं. त्यानंतर त्याच्याकडून काही आलं नाही. काही दिवसांनी तेलाचा तवंग आणि एक रबरी तराफा सापडला.

हेसल रोडवर चाळीस घरांचे दिवे एका आठवड्यात विझले. लिलियन बिलोका नावाची बाई मासळीच्या कारखान्यात कॉडची सालं काढायचं काम करी. तिचा नवराही खलाशी, मुलगाही ट्रॉलरवर. तिने एक अर्ज लिहिला आणि सह्या गोळा करायला लागली. सुमारे दहा हजार सह्या झाल्या. मागण्या साध्या होत्या: प्रत्येक बोटीवर रेडिओ ऑपरेटर हवा, बोटीने रोज आपला ठावठिकाणा कळवावा, ताफ्यासोबत डॉक्टर असलेली एक मोठी मदतबोट असावी, नवख्या पोरांना शिकवल्याशिवाय पाठवू नये. २ फेब्रुवारीला व्हिक्टोरिया हॉलमध्ये सभा झाली, आणि सभेतून डोक्याला रुमाल बांधलेल्या बायकांचा मोर्चा थेट गोदीवर गेला. ख्रिस्तीन जेन्सन, मेरी डेनेस, इव्हॉन ब्लेंकिन्सॉप या बायका बिलोकाच्या बरोबर पुढे होत्या. दुसऱ्याच दिवशी ‘सेंट कीवर्न’ हा ट्रॉलर रेडिओ ऑपरेटर न घेता निघतो आहे असं कळलं तेव्हा बिलोका धक्क्याच्या कडेवरून बोटीवर उडी घ्यायला निघाली. पोलिसांनी तिला धरून मागे ओढलं. निघत्या बोटीकडे पाहूसुद्धा नये असं मानणाऱ्या वस्तीतली ही बाई. तिच्यावर आधी चिडले ते वस्तीतलेच पुरुष, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

त्या वेळी रॉस क्लीव्हलंड आइसलंडच्या वायव्य टोकाला होती. आजारी पडलेल्या स्वयंपाक्याला तिने इसाफ्योर्द बंदरात उतरवलं होतं; बोटीवर एकोणीस राहिले. ४ फेब्रुवारीला चक्रीवादळाच्या जोराचा वारा आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असं हिमवादळ. आडोशाला म्हणून बऱ्याच बोटी त्याच फ्योर्डमध्ये शिरल्या होत्या. दोन्हीकडे डोंगर, मध्ये पाणी, आणि नांगर धरत नव्हता. यंत्र चालू ठेवून वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, किनाऱ्याचा अंदाज रडारवर घ्यायचा, आणि रडारवर बर्फ चढला की कुणीतरी वर जाऊन तो फोडायचा.

त्या रात्री वर गेला तो मेट, हॅरी एडम. थंडीच्या सगळ्या कपड्यांवर तेलकापडाचा पूर्ण पोशाख घालून तो बर्फ फोडत होता. साडेअकराच्या सुमारास बोट एका बाजूला कलली आणि कललेलीच राहिली. तांडेल फिल गे रेडिओवर होता. बोट आडवी होते आहे, मदत करा, असं तो म्हणाला, आणि आपलं व सगळ्या माणसांचं प्रेम बायकापोरांना कळवा असा निरोप दिला. जवळच्या बोटींवर तो शब्द न्‌ शब्द ऐकू आला. जाऊ शकणारं कुणी नव्हतं, त्या स्वतःच बुडायच्या बेतात होत्या.

एडम पाण्यात फेकला गेला. तराफ्यात आधीच पोचलेल्या दोघांनी त्याला आत ओढलं: एक बोटीचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दुसरा अठरा वर्षांचा पोरगा. दोघेही खालून धावत आलेले, अंगावर जवळजवळ काही नाही. तराफा रात्रभर भरकटला, आणि ते दोघे एडमच्या शेजारी थंडीने गेले. तराफा किनाऱ्याला लागला तेव्हा तो एकटा होता. दिवसभर बर्फातून किनाऱ्याकिनाऱ्याने तो चालला आणि संध्याकाळी त्याला एक घर दिसलं. उन्हाळ्यापुरतं वापरायचं, कुलूपबंद घर. दार फोडण्याइतकी ताकद हातांत उरली नव्हती. झोपलो तर संपलो हे ठाऊक असल्याने तो भिंतीच्या आडोशाला रात्रभर उभा राहिला. सकाळी मेंढ्या घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याच्या पोराने त्याला पाहिलं.

हलमध्ये तोवर त्याच्या घरी सुतक होतं. तो जिवंत सापडला तो दिवस ६ फेब्रुवारी, आणि त्याच दिवशी हलच्या बायका लंडनला मंत्र्यांच्या समोर बसल्या होत्या. पुढचा प्रकार वर्तमानपत्रांचा. इसाफ्योर्दच्या लहानशा इस्पितळात वार्ताहरांची रीघ लागली, त्याच्या बायकोला विमानाने तिथे नेण्यात आलं, नवराबायकोच्या भेटीवर बोली लागली. त्याच बोटीवरची अठरा माणसं मेली होती, पण विकली जाण्यासारखी गोष्ट एकोणिसाव्याची होती.

त्याच रात्री त्याच फ्योर्डमध्ये ‘नॉट्स काउंटी’ हा दुसरा इंग्लिश ट्रॉलर खडकावर चढला. आइसलंडच्या तटरक्षक दलाच्या ‘ओदिन’ या जहाजाने रबरी बोटी सोडून त्यावरच्या अठरा माणसांना काढलं, एक आधीच गेला होता. ‘हेइद्रून’ नावाची आइसलंडची छोटी बोट सहा माणसांसह गेली, तिचं नाव इंग्लंडमध्ये फार कुणाला ठाऊक नाही. आणि ओदिन? कॉडवरून इंग्लंड-आइसलंडमध्ये जी तीन ‘युद्धं’ झाली त्या तिन्हींत तो होता. इंग्लिश ट्रॉलरांना हद्दीबाहेर हाकलणं हेच तेव्हाचं त्याचं काम.

लंडनच्या बैठकीत बायकांना जे मिळालं ते मजूर संघटनांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. हवा सुधारेपर्यंत आइसलंडच्या उत्तरेची मासेमारी थांबली, रेडिओ ऑपरेटर आले, ठावठिकाणा कळवणं सक्तीचं झालं, आणि त्याच वर्षी ‘ओर्सिनो’ हा ट्रॉलर डॉक्टर आणि हवामानतज्ज्ञ घेऊन मदतबोट म्हणून उत्तरेला गेला. एकूण ८८ सुधारणा. सरकारी समितीच्या १९६९ च्या अहवालाने मान्य केलं, की मच्छीमाराच्या मरणाचं प्रमाण देशातल्या इतर पुरुषांच्या १७ पट आहे. बिलोकाला निनावी पत्रांतून शिव्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तिची नोकरी गेली, आणि मासळीच्या धंद्यात पुन्हा तिला कुणी उभं केलं नाही. १९८८ साली ती वारली. एडम काही महिन्यांतच पुन्हा समुद्रावर गेला.

बोटी मात्र राहिल्या नाहीत. आइसलंडने १९७५ साली आपली हद्द दोनशे सागरी मैलांवर नेली आणि १९७६ च्या डिसेंबरात इंग्लिश ट्रॉलर तिथून कायमचे बाहेर पडले. सेंट अँड्र्यूज गोदी त्याआधीच बंद झाली होती. वाफेच्या बोटी भंगारात निघाल्या, कारखाने उठले, आणि हजारो खलाशी घरी बसले. काम गेल्याची भरपाई मागायला ते गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, की तुम्ही कुणाचे कायम नोकर नव्हताच, तुम्ही हंगामी. वीस-वीस, तीस-तीस वर्षं त्याच मालकांच्या बोटींवर गेलेली ही माणसं, प्रत्येक फेरीला नवी सही केलेली. पंचवीस वर्षं ते भांडले. २००० साली सरकारने योजना काढली: नोकरीच्या दर वर्षामागे एक हजार पौंड, जास्तीत जास्त वीस हजार. त्यात पुन्हा मेख अशी, की मध्ये ठरावीक आठवड्यांहून जास्त खंड पडला असेल तर आधीची वर्षं बाद. जुने हिशेबाचे कागद शोधत म्हातारी माणसं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवू लागली. २००७ मध्ये संसदेच्या लोकपालांनी ही योजना घाईघाईत रचलेली असल्याचा ठपका ठेवला. दुरुस्त योजना २००९ साली आली, तोवर अर्जदारांपैकी बरेच जण उरले नव्हते.